कॅबिनेट लहान हवं, पण गाळणं लावलेलं



घरातले फोटो, लग्नाचे व्हिडिओ, महाराजांची प्रवचनं, आजीच्या हातच्या आरतीच्या वहीची पानं, हे सगळं जपून ठेवायला घरातच एक छोटा कॉम्प्युटर चोवीस तास चालू ठेवायची पद्धत आता आपल्या घरांतही येऊ लागली आहे. मुलं त्याला ‘नास’ म्हणतात, कोणी होम सर्व्हर म्हणतं. रात्री सगळ्यांचे मोबाइल वायफायवरून आपापले फोटो त्यात टाकतात, सकाळी टीव्हीवर त्यातलंच प्रवचन लावता येतं, क्लाउडचं दरमहा भाडंही वाचतं. मदरबोर्ड कोणता, हार्ड डिस्क किती टीबीची, हे मुलगा किंवा दीर ठरवतो. कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्यात बसवायचं तो डबा, सगळ्यात शेवटी घेतला जातो. उरलेल्या पैशांत, दिसायला छान म्हणून.

माझं मत उलटं आहे. डबा आधी ठरवावा, आणि तो घरातल्या बाईने ठरवावा. तो कुठे ठेवायचा, कोण पुसणार आणि त्यात काय काय शिरणार, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

काय शिरणार, तिथूनच सुरुवात करते. चोवीस तास चालणारं यंत्र आतून उबदार, अंधारं आणि कोरडं असतं, आणि त्याला महिनोन्महिने कुणी हात लावत नाही. आषाढात बाहेर सगळं ओलं झालं की मुंगीला, झुरळाला, कोळ्याला, पालीला अशीच जागा हवी असते. आत मात्र मिनिटाला हजारेक वेळा फिरणारा पंखा आहे आणि वीज खेळणारे टाके आहेत. मुंगी टाक्यांवर चिकटली, पाल एसएमपीएसमध्ये शिरली की जीवही जातो आणि यंत्रही. दुकानदार यंत्राचं बोलतो. आपण आधी जिवाचं बोलायला हवं. मुंगी तीन इंद्रियांची, पाल तर पंचेंद्रिय.

गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टाळता येत नाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. चूल पेटवायची, झाडायचं, दळायचं, त्यातून सुटका नाही. पण तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना घाताच्या आधी प्रमादाचा उल्लेख येतो. दर पर्वात आपण तो सातवा अध्याय वाचतो. जी गोष्ट विकत घेतानाच दहा मिनिटं बघून टाळता आली असती, ती न बघितल्याने घडली तर तिला आरंभी म्हणून सोडून देता येईल का? मला नाही वाटत.

बघायचं काय, ते सांगते. आपल्या घरात पाणी गाळल्याशिवाय घेत नाहीत. हे यंत्र दिवसभर हवा पितं. तिला गाळणं हवं की नको? चांगल्या कॅबिनेटला हवा आत घेणाऱ्या पंख्यापुढे बारीक नायलॉनची जाळी असते, ती ओढून काढता येते, धुऊन परत बसवता येते. तिला डस्ट फिल्टर म्हणतात. पुष्कळ स्वस्त कॅबिनेटना मोठ्या भोकांचा नुसता पत्रा असतो आणि दुकानदार त्यालाच जाळी म्हणतो. माझी कसोटी स्वयंपाकघरातली आहे: जिच्यातून रवा गळेल ती जाळी जाळीच नव्हे. जाळी काढताना स्क्रू ड्रायव्हर शोधावा लागत असेल, तर तीही नको. जी गोष्ट काढायला त्रास होतो, ती आपण दिवाळीशिवाय काढत नाही.

मग कॅबिनेट फिरवून त्याची पाठ बघा. तिथे उभ्या किंवा आडव्या पत्र्याच्या पट्ट्या असतात. एखादी पट्टी काढून टाकलेली असेल तर पालीला दारच उघडं मिळतं. केबल जोडायच्या भोकांभोवती मदरबोर्डाबरोबर आलेला एक पातळ पत्रा बसवायचा असतो. जोडणी करणारी माणसं घाईत तो बसवत नाहीत आणि तो खोक्यातच राहतो. खोकं टाकण्याआधी तो शोधून बसवून घ्या. सगळ्या फटी काही बुजत नाहीत, मुंगीला केसाएवढी जागा पुरते. म्हणून पंखे लावताना एक गोष्ट सांगून करून घ्यायची. जाळीतून आत हवा ढकलणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त जोराचे ठेवायचे. मग उरलेल्या फटींतून हवा बाहेर येत राहते. धूळ तिच्यासोबत आत ओढली जात नाही, आणि समोरून वारा येत असेल तर किडाही सहसा त्या वाटेला जात नाही.

आता ज्यावर घरात माझं सगळ्यांशी वाजतं तो मुद्दा: रंगीत दिवे. एका बाजूला काच, आत निळे-जांभळे दिवे, असली कॅबिनेटं मुलांना फार आवडतात. आपण दिवेलागणीआधी जेवतो, त्याच्या कारणांत दिव्यावर झेपावणारे जीव आहेत ना? निळ्या-पांढऱ्या प्रकाशाकडे किडे पिवळ्यापेक्षा जास्त ओढले जातात. कुणी जागं नसताना, पावसाळ्याच्या रात्री, चोवीस तास जळणारा निळा दिवा पंख्याच्या तोंडाशी लावायचा, याला शोभा कशी म्हणायची? साठवणीच्या यंत्राला काच नको, दिवे नकोत. चालू असल्याचा बारीक दिवा असतो, त्याचीही वायर काढून ठेवता येते. यंत्राचं काही बिघडत नाही.

आता आकार. दुकानात पहिला सल्ला मिळतो तो असा: “ताई, आठ डिस्कचं घ्या, पुढे उपयोगी पडेल.” ह्या ‘पुढे’नेच आपली कपाटं भरलेली आहेत. थोडा हिशेब करू. साध्या एमपी3 स्वरूपात, 128 केबीपीएसने, एक तासाचं प्रवचन सुमारे 58 एमबी होतं. चातुर्मासातले 120 दिवस रोज एक तास धरला, तर सगळा चातुर्मास 7 जीबीत मावतो. 4 टीबीच्या एका डिस्कमध्ये असे पाचशेहून जास्त चातुर्मास बसतील. जागा खातात ते व्हिडिओ. मोबाइलवर फुल एचडीत काढलेला तासाभराचा व्हिडिओ साधारण 4 ते 8 जीबीचा असतो. त्यातही एकाच वाढदिवसाचे पाच मोबाइलवरचे पाच व्हिडिओ, आणि वर ‘शुभ सकाळ’ची चित्रं. आठ डिस्कांची जागा ह्या गोष्टींसाठी मागितली जाते, श्रुतासाठी नव्हे.

परिग्रह-परिमाण घेताना आपण क्षेत्र, वास्तू, धन, धान्य, कुप्य, भांड मोजतो. हार्ड डिस्क ह्यांतल्या कशात बसते, ते पंडितजींनी सांगावं. पण मर्यादा घालायला मला कॅबिनेटइतकं सोपं साधन दिसत नाही. दोन डिस्कचं कॅबिनेट घेतलं की मर्यादा पत्र्यातच घडवली गेली. भरलं की आधी निवडावं लागतं, काय ठेवायचं आणि काय सोडायचं. मोठं कॅबिनेट तो प्रश्न दहा वर्षं पुढे ढकलतं, आणि तोवर फोटो निवडायला ज्या आत्याबाई माणसं ओळखू शकल्या असत्या, त्या राहिलेल्या नसतात.

लहान म्हणजे कितीही लहान मात्र नव्हे. इथे मुलांचं ऐकायला हवं. साडेतीन इंची हार्ड डिस्क 10 सेंमी रुंद, जवळजवळ 15 सेंमी लांब आणि अडीच सेंमीहून थोडी जाड असते. दोन डिस्का एकमेकींना खेटून, मध्ये बोटभरही फट न ठेवता, कोंदट डब्यात बसवल्या की त्या तापतात. बहुतेक डिस्कांची कमाल मर्यादा 60 अंश सेल्सियसच्या आसपास दिलेली असते. एप्रिलमध्ये आपली खोलीच 38 अंशांवर असते, विदर्भातल्या मैत्रिणींचं तर विचारूच नका. कॅबिनेटात डिस्कांमध्ये फट हवी, आणि पंख्याची हवा डिस्कांवरूनच गेली पाहिजे. पंखा मोठा आणि सावकाश फिरणारा, 92 किंवा 120 मिलिमीटरचा बघा. अगदी चपट्या कॅबिनेटात 40 मिलिमीटरचा पंखा असलेला एसएमपीएस बसतो, तो डासासारखा गुणगुणतो. सामायिकाला बसल्यावर 48 मिनिटं ते ऐकायचं आहे का, ते आधी ठरवा.

मुलं नावं घेतात ती दोन सांगते, म्हणजे बोलणं सोपं जाईल. फ्रॅक्टल डिझाइनचं नोड 304 हे साधारण 25 सेंमी रुंद, 21 सेंमी उंच, 37 सेंमी खोल आहे. मिनी-आयटीएक्स, म्हणजे 17 सेंमी चौरस मदरबोर्ड त्यात बसतो, सहा मोठ्या डिस्क मावतात, आणि हवेच्या वाटांवर काढता येणाऱ्या जाळ्या आहेत. जॉन्सबोचं एन2 हे सुमारे 22 सेंमीचा ठोकळा. त्यात पाच मोठ्या डिस्क समोरून ओढून काढता येतात, पण त्याला लहान, एसएफएक्स मापाचा एसएमपीएस लागतो. मला जाळीसाठी पहिलं पटतं. सहा जागांपैकी चार रिकाम्या ठेवल्या तरी हरकत नाही, हवा खेळती राहते. रिकामी जागा भरलीच पाहिजे असा नियम कुठेही नाही. तयार दोन डिस्कचे डबेही मिळतात. ते घेतलेत तर झरोक्यांवर जाळी आहे का, एवढं तरी बघा. विजेचं म्हणाल तर 40 वॉटचं यंत्र दिवसाला जवळपास एक युनिट खातं, महिन्याला 29.

आणि एका मोठ्या डब्याच्या किमतीत दोन लहान होत असतील, तर दोन घ्या. एक सासरी, एक माहेरी. दोन डिस्कांवर एकच गोष्ट आरशासारखी उतरत असली तरी आग, पूर, चोरी दोन्ही डिस्कांना एकदमच गाठते. कोल्हापूर-सांगलीकडच्या बायकांना 2019 चा पूर सांगायला नको. षट्खंडागमाची धवला टीका शतकानुशतकं मूडबिद्रीला ताडपत्रांवर राहिली. सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे माणिकचंद यांनी मनावर घेतलं तेव्हा नकला होऊ लागल्या, आणि 1939 पासून अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनात खंड छापून निघाले. आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने ती ताम्रपटांवरही कोरली गेली. त्यांच्याही आधी, दहाव्या शतकात, कर्नाटकातल्या अत्तिमब्बेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती करवून वाटल्या. एका बाईला तेव्हा कळलं होतं की जपायचं तर अनेक ठिकाणी ठेवायचं. आपल्याला दोन ठिकाणं जमायला हवीत. महाराजांचा 1955 मधला कुंथलगिरीवरचा मराठी अंतिम उपदेश ध्वनिमुद्रित झाला होता, म्हणून आज आपल्याला तो आवाज ऐकता येतो. तुमच्या यंत्रात सगळ्यात आधी काय जावं, याचा विचार करताना तो आठवा.

घरात जुनं कॅबिनेट पडून असेल आणि त्यात डिस्क नीट बसत असतील, तर नवीन घेऊ नका. पाठीमागच्या पट्ट्या बसवा, पुढच्या झरोक्याच्या मापाची जाळी कॉम्प्युटरच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते, ती लावा. दिसायला ते साधं असेल, कपाटात कोण बघतंय?

ठेवायची जागा जमिनीपासून दोन-तीन फूट वर, भिंतीपासून हातभर दूर. स्वयंपाकघराच्या भिंतीलगत नको, फोडणीच्या तेलाने जाळी चिकट होते आणि मग मुंग्या तिकडेच येतात. देवघराच्या कट्ट्याखालीही नको. जाळी दर पंधरा दिवसांनी, चतुर्दशीच्या आदल्या दिवशी म्हणजे लक्षात राहतं, आधी गच्चीवर नेऊन हलक्या हाताने झटका, तिच्यावर काही जिवंत असेल तर ते जाऊ द्या, मग धुवा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. शिखरजीला किंवा कुठे आठ-दहा दिवस जायचं असेल तर यंत्र बंद करा, गार झाल्यावर सुती खोळ घाला. परत आल्यावर बटण दाबायची घाई नको. प्लग काढलेला असतानाच झाकण उघडा, विजेरीने पंख्याची पाती आणि डिस्कांमधल्या फटी बघा, मऊ कुंचल्याने पुसा, आणि कोणी राहायला आलं असेल तर त्याला आधी बाहेर पडायला वेळ द्या.