व्यासपीठ तिचे, साथ कुणाची?



आमच्या भागातल्या समाजमंदिरात वर्षभरापासून महिन्यातल्या एका रविवारी नवोदित गायक-वादकांची मैफल होते. तिकीट नाही, खुर्च्या नाहीत. सतरंजीवर बसायचे आणि शेजारच्याच गल्लीतल्या मुलामुलींचे ऐकायचे. गर्दी चांगली होते. अशा मैफली गावोगावी व्हाव्यात, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच एक प्रश्न विचारणे भाग आहे. गायला मुली बसतात, मग तबल्याला, ढोलकीला, पेटीला कायम मुलगेच का?

संयोजकांना विचारले, तर म्हणाले, ‘‘ताई, वाजवणाऱ्या मुली येतच नाहीत हो!’’ उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. साथीदार नुसता वर्गात तयार होत नाही. ऐनवेळी आलेल्या निरोपावर धावत जाऊन, रात्री उशिरापर्यंत तालमी करून, परगावी मुक्काम करून तो तयार होतो. मुलीला ‘सातच्या आत घरात’ बोलावले जाते तेव्हा तिचे संगीतच अर्ध्यावर तोडले जाते. मग ती विशारद होते, लग्नाच्या माहितीपत्रात ‘गायनाची आवड’ अशी एक ओळ वाढते आणि तंबोऱ्यावर खोळ चढते.

बाईने गाणे समाजाला नेहमीच हवे होते, बाईने त्यावर हक्क सांगणे मात्र नको होते. कलावंतिणींनी पिढ्यान् पिढ्या हे संगीत जपले. स्वातंत्र्याच्या सुमारास रेडिओवर ‘चारित्र्या’च्या कसोटीवर त्यांच्यातल्याच अनेकींना दार बंद झाले. त्यांचे गाणे ऐकणाऱ्या पुरुषांच्या चारित्र्याची चौकशी कुणी केली नाही. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये हिराबाई बडोदेकर होत्या. बाईचे गाणे पैसे मोजून, मान देऊन ऐकायचे असते, हे त्यांनी श्रोत्यांना शिकवले. मुंबईच्या आबान मिस्त्री (१९४०-२०१२) यांनी तबला हातात घेतला, एकल वादन केले, पखवाज-तबल्याच्या घराण्यांवर ग्रंथ लिहिला. वाट पडली आहे. तिच्यावरून चालणाऱ्या मुली आपल्या वस्तीत का पोचत नाहीत, हा प्रश्न मनगटातल्या ताकदीचा खासच नाही.

व्यासपीठ कुठे घालायचे आणि त्यावर कुणाला बसवायचे, हा सामाजिक निर्णय असतो. चेन्नईत ऊरूर-ऑल्कॉट कुप्पम या कोळीवस्तीत २०१५ साली एक संगीत-नृत्य महोत्सव सुरू झाला. सभागृहातले कर्नाटक संगीत तिथे वस्तीत आले आणि दलितांचे वाद्य म्हणून हिणवला गेलेला परई त्याच मांडवात वाजला. ठरवले तर रूढ चौकट हलवता येते, एवढे त्यावरून नक्की कळते.

मग आपणही ठरवू या. मैफल दुपारी चार वाजता ठेवा, म्हणजे मुलींना अंधारापूर्वी घर गाठता येईल. उशीर होणार असेल तर पोचवण्याची जबाबदारी संयोजकांनी घ्यावी. लहान मुलांना सांभाळायला कुणी असावे. स्वच्छतागृह चालू आहे ना, हे आदल्या दिवशी पाहावे. दर मैफलीत एक तरी वादक मुलगी असेलच, असा नियम करावा. ती कच्ची असेल तर तिच्यासाठी आधी दोन तालमी जास्त ठेवाव्यात. मुलगे तरी पहिल्या दिवशी पक्के कुठे असतात?

आणि मानधन. साथीला आलेल्या मुलाच्या हातात पाकीट आणि गाणाऱ्या मुलीच्या हातात गुलाबाचे फूल, हे बंद झाले पाहिजे. महिला संघटनांचे कार्यक्रमही याला अपवाद नाहीत. ८ मार्चला पाहुण्या येईपर्यंत ‘जरा गाणी म्हणा गं’ असे ज्यांना सांगितले जाते, त्या मुलींच्या रियाजाचीही किंमत असते. समान कामाला समान दाम ही मागणी आपण कारखान्याच्या दारात करतो. ती आपल्या मांडवातही लागू आहे.

येत्या तीन महिन्यांत तुमच्या गटाने एक तरी अशी मैफल करावी. वाजवणाऱ्या मुली कशा शोधल्या, घरच्यांशी काय बोललात, पैसे कसे उभे केलेत, ते आम्हाला लिहून कळवा. अडचणी आल्या असतील तर त्या आधी लिहा. पुढचा अंक त्यासाठी राखून ठेवत आहे.