शोकाच्या घरचें हसूं

शोकाच्या घरीं हसूं शिरलें कीं शोकाची विटंबना होते, असें मानणाऱ्या सद्‌गृहस्थांस आम्ही विचारूं इच्छितों कीं, सुतकाच्या घरीं आपण कधींच बसलां नाहीं काय? दहाव्याच्या आंतच कोणी तरी गेलेल्या माणसाची एखादी लकब सांगतो, आणि सारें घर डोळे पुसतां पुसतां हसतें. रिकी जर्व्हेस यांची ‘आफ्टर लाइफ’ (२०१९–२०२२) ही इंग्रजी दूरचित्रवाणी-मालिका याच सत्यावर उभी आहे. टोनीची पत्नी कर्करोगानें गेली. मागें राहिल्या तिच्या निरोपाच्या चित्रफिती. टोनी जीव द्यावयास निघतो, आणि भुकेली कुत्री समोर येते म्हणून तें राहून जातें! यांत थट्टा दुःखाची नव्हे. दुःखितालाही कुत्रीचें पोट चुकत नाहीं, एवढेंच. हास्य व करुण हे परस्परविरोधी रस, असें साहित्यदर्पणकार खुशाल म्हणोत. ‘एकच प्याला’ पाहतांना तळीरामाला हसलेल्या प्रेक्षकानें सिंधूसाठीं कांहीं कमी अश्रू ढाळले नाहींत. दोष काढावयाचाच तर आम्ही निराळा काढूं. दफनभूमींतल्या बांकावर भेटणारी विधवा ॲन टोनीस वारंवार शहाणपणाचे घोट पाजूं लागते, तेथें हसूं संपतें आणि, आमच्यापुरतें तरी, रडूंही आटतें.