उंबरठ्याच्या आतले पाणी

निजामशाहीच्या राजधानीला, म्हणजे 2024 पासून अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहराला, सोळाव्या शतकात कापूरवाडी, वडगाव, शेंडी या परिसरातून खापरी नळांनी पाणी येत असे. खापरी नळ म्हणजे भाजलेल्या मातीचे, एकात एक बसवून चुन्याने सांधलेले नळ. त्यांतून केवळ उताराच्या जोरावर वाहत आलेले पाणी वाड्यांपर्यंत, हमामखान्यांपर्यंत आणि फराहबागेभोवतीच्या तलावापर्यंत पोहोचत असे. त्याच्या दीड हजार वर्षे आधी विट्रुव्हिअस या रोमन स्थापत्यकाराने शिशाच्या नळापेक्षा मातीच्या नळाचे पाणी आरोग्याला हितकर असल्याचे लिहून ठेवले होते आणि पुराव्यादाखल शिसे ओतणाऱ्या कामगारांच्या फिकट चेहऱ्यांकडे बोट दाखवले होते. रोमने मात्र शिसे सोडले नाही. नगरच्या कारागिरांनी विट्रुव्हिअस वाचला असण्याचा संभव नाही, त्यांनी हाताशी असलेली माती वापरली, आणि निदान या एका बाबतीत ते रोमपेक्षा सुरक्षित राहिले.

आज शहराचे पाणी मुळा धरणातून उचलले जाते, विळद येथे शुद्ध होते आणि वसंत टेकडीवरून वाटले जाते. या प्रवासावर यंत्रणेची नजर असते. परंतु जोडणी घराच्या भिंतीत शिरली की पुढचे काही फूट प्लंबरच्या सवयीवर आणि घरमालकाच्या ऐपतीवर सोपवलेले असतात. शिसे पाण्यात उतरण्याची शक्यता नेमकी याच टप्प्यात अधिक असते. जुन्या बिडाच्या नळांचे सांधे ताग ठोसून वर वितळलेले शिसे ओतून बंद करीत; पितळ यंत्रावर सहज कापले जावे म्हणून त्यात थोडे शिसे मिसळण्याची रीत आहे, त्यामुळे ते तोटीतही असू शकते; आणि पीव्हीसी हे प्लॅस्टिक तापवून नळ घडवताना त्याचे विघटन होऊ नये म्हणून जे स्थिरक द्रव्य घालतात, त्यात शिशाचे क्षार दीर्घकाळ वापरले गेले. ते टप्प्याटप्प्याने बाद करण्याचे नियम केंद्र सरकारने 2021 मध्ये काढले, पण त्याआधी भिंतीत गाडलेले नळ कोणताही नियम उकरून काढणार नाही.

पाणी नळात जितके तुंबून राहील तितके शिसे त्यात उतरण्यास वाव मिळतो, आणि जिथे दिवसाआड पाणी येते तिथे ते तुंबून राहतेच. अमेरिकेतील फ्लिंट शहराने 2014 मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि नळ गंजू नयेत म्हणून घालावयाचे द्रव्य घातले नाही, तेव्हा नळांच्या आतील संरक्षक थर सुटून शिसे घरोघर पोहोचले. जिल्ह्यातील कित्येक घरांच्या टाकीत उन्हाळ्यात धरणाचे, बोअरचे आणि टँकरचे पाणी आळीपाळीने पडते, म्हणजे पाण्याचा गुणधर्म वरचेवर बदलतो. त्याचा नळाच्या आतल्या थरावर काय परिणाम होतो, हे सहसा कोणी विचारीत नाही.

गावोगावी होणारी तपासणी मुख्यतः जंतूंसाठी आहे. जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो आणि मग ओटी चाचणी करतो: काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब सोडले आणि पाणी पिवळे झाले की क्लोरीन पोहोचला असे समजतात. ग्रामपंचायतीला मिळणारे लाल, पिवळे वा हिरवे कार्डही स्रोताची व परिसराची स्वच्छता पाहून दिले जाते. ही व्यवस्था मोलाची आहे, कारण कावीळ आणि गॅस्ट्रो हे अधिक तातडीचे शत्रू आहेत. परंतु त्या पिवळ्या रंगाने शिशाविषयी काहीच कळत नाही, कारण शिशाला ना रंग ना चव.

भारतीय मानक आयएस 10500 (2012) नुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसल्यास पाण्याचा जडपणा 200 ऐवजी 600 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेण्याची सवलत याच मानकात आहे, शिशाला मात्र अशी सवलत नाही, आणि ही कठोरता योग्यच आहे. पोटात गेलेले शिसे मुलांच्या शरीरात प्रौढांपेक्षा कितीतरी अधिक शोषले जाते, लोह व कॅल्शियम कमी असल्यास आणखी अधिक. ते हाडांत साठते, गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरते आणि वाढत्या मेंदूला कायमचे खुजे करू शकते. ज्या घरात पंडुरोग आहे तेथे हे ओझे आणखी वाढते.

जिल्ह्यातील पाण्याला वाहिलेल्या प्रस्तुत अंकात धरणे, बारवा आणि टँकर यांविषयी पुष्कळ मजकूर आहे. संपादकीयापुरते लक्ष या शेवटच्या काही फुटांकडे वेधले आहे. वाचकांना विनंती एवढीच की दिवाळीच्या डागडुजीत नळ वा तोटी बदलताना आयएसआय चिन्ह पाहून पावतीसह माल घ्यावा, रात्रभर तुंबलेले पहिले पाणी धुण्याभांड्याला वापरावे, स्वयंपाकाला गिझरचे पाणी घेऊ नये. उकळल्याने शिसे जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. प्रयोगशाळेत नमुना देताना शिशाची चाचणी हवी असे स्पष्ट लिहून द्यावे, कारण नेहमीच्या चाचण्यांत ती असेलच असे नाही.