वाद्यांची कुळे आणि पेटीचे गोत्र

गावोगावच्या मंदिरांत भजन उभे राहते, तेव्हा बहुधा चार वाद्ये दृष्टीस पडतात : वीणा, मृदंग, टाळ आणि पेटी. ऐकणाऱ्याला ती एकाच मेळातील वाटतात. शास्त्रदृष्ट्या मात्र ती चार निरनिराळ्या कुळांतील आहेत. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्रा’च्या अठ्ठाविसाव्या अध्यायात ही कुळे सांगितली आहेत. ताणलेल्या तारेतून वाजते ते तत, चामड्याने मढवलेले ते अवनद्ध, धातूसारख्या घट्ट पदार्थाच्या अंगानेच निनादते ते घन आणि पोकळीतील वाऱ्याने वाजते ते सुषिर.

जैन परंपरेतही हा विचार आढळतो. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात शब्दाची गणना पुद्गलाच्या पर्यायांत केली आहे. त्यावरील ‘सर्वार्थसिद्धी’ टीकेत आचार्य पूज्यपादांनी वाद्यांच्या ध्वनीचे तत, वितत, घन आणि सौषिर असे चार भेद केले. मौजेची गोष्ट अशी की, तेथे ‘तत’ हा चामड्याचा ध्वनी असून तारेच्या ध्वनीला ‘वितत’ म्हटले आहे. नावे बदलली, तरी कुळे चारच राहिली. कारण दोन्हीकडे मूळ प्रश्न एकच होता : नाद कशापासून उत्पन्न होतो?

युरोपात पूर्वापार तंतुवाद्ये, वायुवाद्ये आणि आघातवाद्ये असे तीन विभाग रूढ होते. यांतील पहिले दोन कशाने वाजते यावर ठरत, तर तिसरा कसे वाजवतात यावर. त्यामुळे नगारा आणि घंटा एकाच खात्यात पडत. पियानोला तारा असूनही त्या हातोडीच्या आघाताने वाजतात. मग त्याची नोंद कोठे करावी? वायुवाद्यांचेही लाकडी आणि पितळी असे पोटभेद होते. पण बेल्जियमच्या अडॉल्फ साक्सने १८४६ साली पेटंट घेतलेला सॅक्सोफोन पितळेचा असूनही आजतागायत लाकडी वाद्यांत गणला जातो, कारण त्याच्या मुखाशी वेताची पत्ती असते.

ही गुंतागुंत सुटण्यास भारतातून गेलेली एक भेट साहाय्यभूत ठरली. कलकत्त्याचे संगीतज्ञ राजा सौरींद्रमोहन टागोर यांनी १८७६ साली बेल्जियमचे राजे दुसरे लिओपोल्ड यांना सुमारे शंभर भारतीय वाद्ये पाठवली. ती ब्रुसेल्सच्या संगीत विद्यालयातील संग्रहालयात दाखल झाली. तेथील संग्रहाध्यक्ष व्हिक्टर माइयाँ हे स्वतः वाद्यनिर्मात्यांच्या घराण्यातील होते. १८८० साली त्यांनी सूचीचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तीत त्यांनी वाद्यांचे चार वर्ग केले आणि ते भारतीय चार कुळांशी जुळणारे होते. १९१४ साली एरिख फॉन हॉर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स या जर्मन भाषेत लिहिणाऱ्या विद्वानांनी माइयाँची योजना विस्तारून तिला दशांश पद्धतीचे क्रमांक दिले. जगभरातील संग्रहालये आज प्रामुख्याने तीच पद्धती वापरतात. पुढे विजेवर ध्वनी निर्माण करणाऱ्या वाद्यांसाठी तीत पाचवे कूळ जोडण्यात आले. योगायोग असा की, टागोरांचे निधन त्याच १९१४ साली झाले.

कुळाचा हा विचार केवळ सूची करणाऱ्यांच्या उपयोगाचा नाही. पेटीचेच उदाहरण घ्यावे. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. त्याच शतकात कलकत्त्यातील कारागिरांनी पायाच्या भात्याऐवजी हाताचा भाता बसवून ती मांडी घालून बसणाऱ्या वादकासाठी सिद्ध केली. मराठी संगीत रंगभूमीवर गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी तिला मानाचे स्थान मिळवून दिले. तरीही १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. पेटीचे स्वर बांधलेले असतात, त्यांतून मींड निघत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखवता येत नाहीत, हा आक्षेप रास्त होता. त्याच्या जोडीला ती परदेशी असल्याचा ठपकाही होता.

त्या ठपक्याला कुळाचा विचार उत्तर देतो. पेटीत भात्याचा वारा पितळी पत्तीला कंप देतो आणि स्वर उमटतो. म्हणून ती सुषिर कुळातील, बासरी, शंख आणि सनई यांची भावंड. शिवाय वाऱ्याने मोकळी थरथरणारी अशी पत्ती मूळची युरोपची नव्हे. चीनच्या ‘शेंग’ या प्राचीन वाद्यात ती फार पूर्वीपासून आहे. शत्रुंजयाच्या यात्रेला जाणारे भाविक ज्या पालिताण्यात उतरतात, तेच गाव पेटीच्या पितळी पत्त्यांसाठी वादकांत प्रसिद्ध आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.

वाद्य कोणत्या देशातून आले, हे इतिहासात नोंदवावे. ते काय साधू शकते आणि काय नाही, याची परीक्षा गायकांनी करावी. त्याचे कूळ मात्र त्याच्या नादावरून ठरते. भजनाच्या मेळात सुषिराची जागा आज बहुतेक ठिकाणी पेटीच भरून काढते. वीणा, मृदंग आणि टाळ यांच्या पंक्तीला ती बसते, ती पाहुणी म्हणून नव्हे. चौथ्या कुळाची प्रतिनिधी म्हणून.