शेकहँड नंतर, आधी ‘डाऊन’

पाहुणे आले की कुत्र्याला पंजा द्यायला लावायची हौस आपल्याकडे दांडगी. माझं म्हणणं असं की पेण-रोह्यासारख्या गावात कुत्रा पाळणाऱ्याने त्याला आधी ‘डाऊन’ म्हणताच आहे तिथे पोट टेकून पडून राहायला शिकवावं. आणि तेही भर गर्दीत.

गणपतीच्या आधी पेणमधून मूर्तींचे टेम्पो निघतात, ढोल घुमतात, फटाक्यांच्या माळा लागतात. रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस सलामी देतात. अशा वेळी साखळी हातातून सुटली, तर बिथरलेला कुत्रा एक तर गाडीखाली येतो, नाहीतर कुणाच्या तरी पोराच्या अंगावर जातो.

‘घरात सगळं ऐकतो, बाहेर गेला की माजतो,’ ही तक्रार मी नेहमी ऐकतो. तो माज नसतो. ओसरीवर शिकलेलं बाजारातही लागू आहे, हे कुत्र्याला आपोआप कळत नाही. जागा बदलली की पुन्हा शिकवावं लागतं.

माझा मोती गावठी. उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा त्याच्या नाकाशी धरून मी हात सरळ जमिनीकडे नेतो. कोपरं टेकली की त्याच क्षणी ‘शाबास’, आणि तुकडा दोन पंजांच्या मधे, जमिनीवर. वरून दिला तर घ्यायला तो उठतो. ‘चल’ म्हटल्याशिवाय उठायचं नाही. घरात हे पक्कं झाल्यावर आम्ही पेण स्टेशनपासून बरेच लांब बसू लागलो. दिवा-रोहा मेमू आली की त्याचे कान ताठ होत, मागचे पाय उठण्याच्या बेतात. कान सैल पडले की तुकडा. मग थोडं जवळ. उठलाच, तर न ओरडता पुन्हा मागे. आणि जवळ जायचं त्या दिवशी जास्त वेळ पडून राहायला लावायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची.

पाठ दाबून किंवा पट्ट्याने मारून बसवणारे पाहिले की जीव तुटतो. आडवा पडलेला कुत्रा पळू शकत नाही. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर तो अंग टाकेल कसा? मे महिन्यात तापलेल्या डांबरावर तर हा सराव करूच नये, पोट भाजतं. म्हाताऱ्या कुत्र्याने टाळाटाळ केली, तर आधी त्याचे सांधे डॉक्टरांना दाखवावेत.

पाळलेल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे. पण कायदा बहुधा कुत्रा कुणाला चावल्यावरच आठवतो. पेण आणि रोहा नगरपरिषदांनी रविवारी सकाळी एखादं मैदान पट्ट्यातल्या कुत्र्यांच्या सरावासाठी तासभर मोकळं ठेवावं. आणि कुत्रा पाळणाऱ्यांनो, ढोल वाजायची वाट पाहू नका. आजच संध्याकाळी अंगणात सुरुवात करा.