मुंबईची टॅक्सी आणि परगावचा पाहुणा

इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे तीन-चार पिढ्या नांदलेल्या मराठी कुटुंबालाही मुंबईची वारी चुकत नाही. कधी लग्नकार्य, कधी मुलाची मुलाखत, तर कधी परळच्या टाटा रुग्णालयातील तपासणी. विमानतळाबाहेर पाऊल टाकताच पहिला प्रश्न उभा राहतो तो वाहनाचा.

सर्वांत स्वस्त ती रिक्षा. १ फेब्रुवारी २०२५ पासून तिचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे २६ रुपये झाले. उपनगरांत ती सोयीची खरी; परंतु वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेस तिला प्रवेश नाही. परळला जाणाऱ्या रुग्णाने रिक्षा केली, तर वाटेतच सामानासह उतरण्याची पाळी येते. काळ्या-पिवळ्या टॅक्सीला ही आडकाठी नाही. त्याच दिवशी तिचे किमान भाडे ३१ रुपये आणि निळ्या-रुपेरी वातानुकूलित ‘कूल कॅब’चे ४८ रुपये ठरले. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत काळ्या-पिवळीचे भाडे सव्वापट होते.

विमानतळावर आगाऊ भाडे भरून टॅक्सी घेण्याची खिडकीही असते. तेथे मिळालेली पावती मुक्कामी पोहोचेपर्यंत जवळच ठेवावी. ओला, उबर यांची गाडी मोबाइलवरून बोलावता येते आणि भाड्याचा अंदाज आधीच कळतो. मात्र गर्दी वाढली, पाऊस कोसळला, की तो आकडाही चढतो.

आता आणखी एक सावधगिरी हवी. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही प्रवासी विमाने सुटू लागली. तिकिटावर ‘बीओएम’ म्हणजे सांताक्रूझ-सहारचा जुना विमानतळ आणि ‘एनएमआय’ म्हणजे पनवेल-उलव्याकडील नवा. नव्या विमानतळावरून दक्षिण मुंबईस जाताना १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू जवळ पडतो. पण त्याचा पथकर हिशेबात धरावा लागतो.

ज्या ‘प्रीमिअर पद्मिनी’मुळे काळी-पिवळी घरोघरी ओळखीची झाली, तिची अखेरची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपताच, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, ती रस्त्यावरून निवृत्त झाली. गाडीचा जिव्हाळा वाटणे स्वाभाविक आहे; पण जपायला हवी ती तिच्या मीटरमागची व्यवस्था. त्या मीटरला गिरगावात जन्मलेला आणि ग्वाल्हेरहून आज प्रथमच आलेला, दोघेही सारखेच. ज्या वृद्ध मावशींना मोबाइलची बटणे उमगत नाहीत, त्यांनाही ठरल्या दराने इच्छित स्थळी पोहोचता यावे, एवढी माया महानगराने पाहुण्यांवर ठेवावी. तोवर आपण नातलगांचा पत्ता ठळक अक्षरांत कागदावर लिहून त्यांच्या पिशवीत ठेवावा, हे बरे!