शर्यत एकदा प्रत्यक्ष बघू द्या

आमच्याकडे 'रेस' म्हटलं की मोठ्या माणसांच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात: घोड्यांवरचा जुगार नाहीतर हायवेवरचा अपघात. त्यामुळे मी भाच्यांना घेऊन मोटारसायकलींची शर्यत बघायला पुण्याला गेले होते, हे कळल्यावर माणगावात काहींच्या भुवया वर गेल्या. एका पालकाने तर तोंडावर विचारलं, "मॅडम, तुम्ही शिकवणाऱ्या. तुम्हीच पोरांना असला नाद लावणार?"

नाद आधीच लागलेला आहे, भाईजान. निजामपूरवरून विळे गाठलं की ताम्हिणी घाट सुरू होतो. पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी तिथे जाऊन उभे राहा. ओला रस्ता, धुकं आणि आंधळ्या वळणावर एकमेकांना मागे टाकणारी पोरं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे गाडी घसरली तर नेमकी जिथे येईल तिथे, मोबाईल घेऊन उभे असलेले त्यांचे मित्र. ही शर्यतच आहे, आणि तिला प्रेक्षकही आहेत. माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी मी ताजियतला गेले, तेव्हा त्याची अम्मी एवढंच म्हणत होती की, तो चालवायला चांगला होता. खरं होतं ते. त्याचा हात चांगलाच होता.

२८ जानेवारी २०२४ला पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉसची शर्यत झाली. सुपरक्रॉस म्हणजे मैदानात मातीचे उंच-सखल ढिगारे रचून केलेला मार्ग. गाड्या त्यावरून अक्षरशः उडतात. टीव्हीवर कॅमेरा पुढच्या गाडीला चिकटलेला असतो. इथे एका जागेवर बसून सगळा मार्ग दिसतो आणि आवाज कानांच्या आधी छातीत घुसतो. दहा मिनिटं माझं डोकंच चालेना. मग हळूहळू वेगाखेरीज बाकीचं दिसू लागलं.

ढिगाऱ्यावरून झेप घेणाऱ्याला पलीकडे काय आहे ते दिसत नाही. तिथे कुणी पडलेला असेल तर मागून येणारा थेट त्याच्या अंगावर. म्हणून तिथे झेंडा घेऊन माणूस उभा असतो. पिवळा झेंडा हलला की पुढच्याला मागे टाकायचं नाही, मग शर्यत हरली तरी चालेल. मोठ्या गाड्यांचा गट वेगळा, लहान मुलांचा ८५ सीसीचा वेगळा. ढिगाऱ्याची आंधळी बाजू आणि घाटातलं आंधळं वळण यांत मला तरी फरक दिसत नाही. फरक एवढाच की ताम्हिणीत झेंडेवाला नसतो, रुग्णवाहिका नसते आणि समोरून एसटी येते.

काहींना हा निव्वळ तमाशा वाटतो. त्यांनी सही बुखारी उघडून पाहावी. रसूलुल्लाहांनी (स.) मदिन्यात घोड्यांच्या शर्यती लावल्या होत्या. तयार केलेल्या घोड्यांना लांबचा पल्ला होता, तयारी नसलेल्यांना जवळचा. हजरत इब्न उमर (रजि.) स्वतः त्यात धावले होते. जुगार हराम आहे, वेग नाही. आणि पल्ला तयारीप्रमाणे ठरवायचा, हे १४०० वर्षांपूर्वी ठरलेलं असताना आपण मात्र सोळा वर्षांच्या पोराच्या हातात २०० सीसीची किल्ली देतो. दहावी पास झाला म्हणून बक्षीस!

मैदानावरची शर्यतही आपोआप सुरक्षित झालेली नाही. १९५५ साली फ्रान्समध्ये ल मान्सला एक गाडी उडून गर्दीत शिरली आणि ८०हून अधिक माणसं गेली, बहुतेक सगळे प्रेक्षकच. स्वित्झर्लंडने त्यानंतर अशा शर्यतींवर बंदीच घातली. प्रेक्षकांनी कुठे उभं राहायचं हे आज इतकं काटेकोर आहे, ते अशा अपघातांतून शिकल्यामुळे.

कायदा म्हणाल तर तो आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९नुसार परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम १९९अ तर आईबापांनी वाचून ठेवावंच: अल्पवयीन मुलाने वाहनाचा गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. पण सोळा वर्षांचं पोर कलमाला घाबरत नाही, मी रोज वर्गात बघते. तो ज्याला 'भारी' समजतो त्यानेच झेंडा बघून वेग कमी केलेला त्याला दिसला पाहिजे. ते मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवू शकत नाही.

शाळेच्या सहली रायगड आणि मुरूड-जंजिऱ्याला जातातच, जाव्यात. कधी पुण्यात अशी शर्यत लागली तर नववी-दहावीच्या मुलांना एकदा तिकडेही न्या. मुलींनाही, माझी भाची भावापेक्षा जास्त वेळ खुर्चीवर उभी होती. कानात घालायला कापूस न्या, धुळीसाठी रुमाल न्या. आणि जुहरच्या नमाजची जागा आत शिरण्याआधीच बघून ठेवा. एकदा गाड्या सुरू झाल्या की पोरं उठत नाहीत.